बायांच्या कामाची मोजणी: गावपातळीवरचं सर्वेक्षण कोणत्या क्रमाने करावं

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या गावांत बायांच्या कामावर, मजुरीवर किंवा जमिनीवर सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि कार्यकर्त्यांचे फॉर्म पाहिले की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रश्नावली आधी छापलेली असते आणि गाव नंतर पाहिलेलं असतं. मग ‘व्यवसाय’ या रकान्यात एकामागून एक ‘गृहिणी’ असं उतरत जातं. ती बाई दिवसभर निंदणाला गेलेली असते आणि माहिती घरी बसलेल्या सासऱ्याने दिलेली असते. असा डेटा संगणकात भरल्यावर कोणतंही सॉफ्टवेअर तो दुरुस्त करू शकत नाही.

स्त्रीवादी संशोधनाला आकडे हवेतच. ग्रामसभेत, तहसीलमध्ये, कृषी विभागाच्या बैठकीत आकडा समोर ठेवला तर बोलणं पुढे सरकतं. पण हा आकडा तीन निर्णयांत घडतो: काम कशाला म्हणायचं, उत्तर कोणी द्यायचं आणि शेवटी कशाने भागायचं, म्हणजे टक्के किंवा सरासरी कोणत्या गटाची काढायची. खालचा क्रम या तीन निर्णयांभोवतीच बांधला आहे. तो उलटसुलट करू नका.

## १. आधी रिकामा तक्ता काढा

प्रश्नावलीला हात लावण्याआधी एका कागदावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘ग्रामीण महिलांचं सक्षमीकरण’ हा प्रश्न होत नाही. ‘कापूस वेचणीच्या हंगामात या गावातल्या मजूर बायांना तासाला किती पैसे पडतात आणि त्याच हंगामात पुरुष मजुरांना किती पडतात’ हा प्रश्न होतो.

त्याखाली शेवटी छापायचा तक्ता रिकामा आखा. आडव्या ओळींत कोण, उभ्या रकान्यांत काय, आणि प्रत्येक चौकटीत टक्के येणार की रुपये की मिनिटं, हे ठरवा. टक्के असतील तर कशाचे टक्के, हेही तिथेच लिहा. प्रश्नावलीतला जो प्रश्न या तक्त्यांपैकी कुठेच जात नाही, तो काढून टाका. दिवसभर वाकून आलेल्या बाईचा अर्धा तास तुम्ही घेत आहात. बिनकामाचा प्रश्न विचारणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तपासणी: रिकामे तक्ते पाचापेक्षा जास्त होत असतील तर तुमच्याकडे दोन अभ्यास आहेत. एक निवडा.

## २. कामाची यादी बायांसोबत बनवा

बहुतेक अभ्यास याच टप्प्यावर घसरतात, म्हणून इथे वेळ घालवा. आठ-दहा बायांच्या दोन-तीन बैठका घ्या. मजूर बाया वेगळ्या, स्वतःचं वावर असलेल्या वेगळ्या, आणि शक्य असेल तर सासवा आणि सुना वेगळ्या. एकत्र बसवलं की सून गप्प राहते.

बैठकीत ‘तुम्ही काय काम करता?’ असं विचारू नका. उत्तर ‘काही नाही, घरीच राहतो’ असंच येईल. महिन्यानुसार विचारा. मृगात काय, पोळ्याच्या सुमारास काय, दिवाळीनंतर काय. मग यादी भराभर वाढते: सरकी टोबणं, खत देणं, निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी, तूर सोंगणं, हरभरा उपटणं, शेवटी पऱ्हाट्या उपटून सरपणाला आणणं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाचे परे (रोपं) काढणं आणि रोवणं. उन्हाळ्यात मोहफुलं वेचणं आणि तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडे बांधणं. घरातलं तर वेगळंच: पाणी भरणं, शेण काढणं, गोवऱ्या थापणं, सारवण, स्वयंपाक, वावरात शिदोरी पोचवणं, पोरं, म्हातारी माणसं, आजारी माणूस.

ही यादी त्यांच्याच शब्दांत ठेवा. ‘तणनियंत्रण’ असं छापू नका, ‘निंदण’ छापा. यवतमाळच्या यादीतला शब्द गोंदियात चालेलच असं नाही, म्हणून जिल्हा बदलला की यादी पुन्हा तपासा.

आता या यादीला सरकारी वर्गवारी जोडा, म्हणजे तुमचे आकडे देशाच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. राष्ट्रीय श्रमबल सर्वेक्षणात घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनमोबदला मदत करणाऱ्या माणसाला संकेतांक २१ मिळतो. फक्त घरकाम करणाऱ्याला ९२, आणि घरकामासोबत सरपण, चारा वगैरे गोळा करणाऱ्याला ९३. ९२ आणि ९३ मधली बाई श्रमबलाच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या लोकांच्या बाहेर धरली जाते. शिवाय मुख्य कामाखेरीज दुय्यम कामाचाही प्रश्न असतो आणि त्यासाठी वर्षातले ३० दिवस पुरतात. चार महिने स्वतःच्या वावरात निंदण आणि वेचणी केलेल्या बाईचा दुय्यम कामाचा प्रश्न तुम्ही गाळला, तर ती थेट ९२ मध्ये जाऊन पडते.

याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आत्महत्यांच्या अहवालात ‘गृहिणी’ हा वेगळा गट आहे. कर्जाखाली दबलेल्या वावरात राबणारी बाई त्या गटात नोंदली गेली, तर शेतकऱ्यांच्या आकड्यात ती कधीच दिसणार नाही.

इशारा: फॉर्मवर ‘गृहिणी’ हा पर्याय ठेवूच नका. कामं विचारा, वर्ग नंतर तुम्ही लावा.

## ३. हंगाम ठरवा

जूनमध्ये केलेलं आणि एप्रिलमध्ये केलेलं सर्वेक्षण एकाच गावाची दोन वेगळी चित्रं देतात. एकच फेरी शक्य असेल तर कोणत्या हंगामाबद्दल बोलताय ते शीर्षकातच लिहा. दोन फेऱ्या जमत असतील तर एक निंदणाच्या दिवसांत आणि एक वेचणीत ठेवा. धानपट्ट्यात रोवण्याच्या वेळी. ‘वर्षभरात सरासरी किती तास?’ असा प्रश्न कोणालाही विचारू नका. कोणीही तो मनात जमवून सांगू शकत नाही.

## ४. घरांची यादी आणि नमुना

मतदार यादीवरून नमुना काढणं सोपं असतं आणि म्हणूनच ते सगळीकडे होतं. त्यात नुकतीच लग्न होऊन आलेली सून नसते, कामासाठी येऊन राहिलेलं कुटुंब नसतं. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या नोंदवह्या जास्त ताज्या असतात, पण त्याही नुसत्या उतरवून घेऊ नका. गावात फिरून प्रत्येक चूल मोजा. एका घरात दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबं. विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई भावाच्या अंगणातल्या खोलीत स्वतंत्र शिजवत असते आणि भावाच्या कुटुंबात मोजली जाऊन हरवते. तिच्यासाठी स्वतंत्र ओळ हवीच.

गावठाणापाशी थांबू नका. कोलामांचा पोड, बंजाऱ्यांचा तांडा, पारध्यांचा बेडा, गोंडांचा टोला कित्येकदा एक-दोन किलोमीटरवर असतो आणि पाहणीच्या नकाशातून सुटतो.

नमुना किती घ्यावा? एखादी टक्केवारी ९५ टक्के खात्रीने आणि १० अंकांच्या मागे-पुढे मर्यादेत सांगायची असेल, तर साध्या यादृच्छिक नमुन्यात सुमारे ९६ जणी लागतात. मर्यादा ५ अंकांवर आणायची असेल तर सुमारे ३८४. निवडक गावांतून नमुना घेत असाल तर एका गावातल्या बाया एकमेकींसारख्या असल्याने ही संख्या दीडपट ते दुप्पट धरा.

समजा गावात ३०० चुली आहेत. २८८ गावठाणात आणि १२ पोडात. सरसकट तिसरं घर घेतलं तर पोडातली फक्त ४ येतील आणि त्यांच्याबद्दल काहीच म्हणता येणार नाही. त्याऐवजी पोडातली सगळी १२ घ्या आणि गावठाणातलं दर तिसरं घर, म्हणजे ९६. गावाची एकत्र टक्केवारी काढताना गावठाणातल्या प्रत्येक घराला ३ वजन द्या, म्हणजे ते तीन घरांइतकं मोजा, आणि पोडातल्या घराला १. वजन द्यायला विसरलात तर पोडाचं चित्र पूर्ण गावावर जास्त पडेल.

घरात तीन प्रौढ बाया असतील तर कोणाशी बोलायचं? जी दारात भेटली तिच्याशी, असं करू नका. दारात बहुधा सासूच भेटते. चिठ्ठ्या टाका, आणि तीन बायांच्या घरातून एक निवडली असेल तर तिचं वजन तीनने गुणा.

तपासणी: यादीतल्या पुरुषांनाही तोच कामाचा आणि वेळेचा प्रश्न वेगळा विचारणार आहात ना? तुलना करायची असेल तर दोघांची उत्तरं दोघांकडून हवीत. बायकोचे तास नवऱ्याकडून आणि नवऱ्याचे तास बायकोकडून घेऊ नका.

## ५. प्रश्नावली

### वेळ

‘रोज किती तास काम करता?’ ऐवजी कालचा दिवस पहाटे ४ ते आज पहाटे ४ असा अर्ध्या-अर्ध्या तासाने भरा. राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचीही हीच पद्धत आहे. घड्याळाऐवजी गावातल्या खुणा वापरा: नळ केव्हा येतो, पहिली एसटी केव्हा, शाळेची घंटा केव्हा. सुरुवात साधी ठेवा: ‘काल उठल्यावर पयले काय केलं?’ आणि मग ‘त्याच्यानंतर?’ एवढंच विचारत जा.

प्रत्येक अर्ध्या तासासाठी दोन रकाने ठेवा: काय करत होता, आणि त्याच वेळी सोबत आणखी काय चाललं होतं. हा दुसरा रकाना नसेल तर मुलं सांभाळणं जवळपास नाहीसं होतं, कारण ते भाकरी थापताना, कपडे धुताना, अगदी वेचणीच्या वावरात धुऱ्यावर झोळी बांधूनही चाललेलं असतं. शेतीपंपाची वीज रात्री येत असेल तर ओलिताला जाणारा पुरुष रात्री जागतो. तेही प्रामाणिकपणे नोंदवा. काल बाजार, सण, लग्न किंवा आजारपण होतं का, हे शेवटी विचारा.

### मजुरी

दिवसाची मजुरी विचारून थांबणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. निंदण रोजाने असतं, वेचणी किलोने, काही काम गुत्त्याने. पुरुषाची फवारणी बहुधा कमी तासांची असते. म्हणून शेवटच्या कामाच्या दिवसाबद्दल विचारा: कोणतं काम, किती वाजता हात लावला, किती वाजता सोडला, जेवणाची सुट्टी किती, हातात किती पडले, धान्य किंवा इतर काही मिळालं का, वेचणी असेल तर किती किलो आणि काट्यावर काही वजा झालं का. जाण्या-येण्याचा वेळ वेगळा लिहा.

फरक किती पडतो ते एका काल्पनिक हिशेबाने पाहा. बाईने ८ तासांत ४० किलो वेचला, दर किलोला ८ रुपये, म्हणजे ३२० रुपये. पुरुषाने ५ तास फवारणी केली आणि त्याला ४०० रुपये मिळाले. दिवसाने पाहिलं तर तिला त्याच्या ८० टक्के मिळाले. तासाने पाहिलं तर तिला ४० आणि त्याला ८०, म्हणजे निम्मे. दोन्ही आकडे खरे आहेत. अहवालात दोन्ही द्या.

### जमीन

‘जमीन कोणाच्या नावे आहे?’ याचं तोंडी उत्तर पुरेसं नाही. शक्य तिथे सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) पाहा, आणि या चार गोष्टी वेगळ्या ठेवा.

१) सातबारा हा जमिनीच्या तुकड्याचा असतो. एकाच माणसाचे तीन गट असतील तर तीन सातबारे. सातबारे मोजून मालक मोजले असं समजू नका. माणसं मोजायला आठ-अ वापरा.

२) बाईचं नाव भोगवटादाराच्या (जमीनधारकाच्या) जागी आहे की ‘इतर हक्क’ या रकान्यात, ते पाहा. दोन्हींचा अर्थ फार वेगळा आहे.

३) ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. विधवेचं नाव लहान मुलाची पालनकर्ती म्हणून लागलेलं असतं आणि सर्वेक्षणात ती मालक म्हणून मोजली जाते. हे नाव मालकीत धरू नका.

४) वनहक्क कायदा, २००६ नुसार विवाहितांचा वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असायला हवा. गडचिरोली, चंद्रपूरकडे काम असेल तर पट्टा स्वतः पाहा आणि दुसरं नाव खरोखर आहे का ते नोंदवा.

कागदानंतर व्यवहाराचे प्रश्न विचारा: बियाणं कोणी ठरवलं, कापूस विकायला कोण गेलं, पैसे कोणाच्या खात्यात आले, वावर विकायचं ठरलं तर तुमच्या सहीशिवाय विकता येईल का.

इशारा: ‘निर्णय कोण घेतं?’ या प्रश्नाला ‘दोघं मिळून’ हे उत्तर सर्वांत सोयीचं असतं. त्यापुढे ‘मागच्या वेळी मत वेगळं होतं तेव्हा काय झालं?’ हे जोडा.

## ६. कोण विचारणार, केव्हा, कुठे

पाहणीदार बाया असाव्यात, हे बहुतेकांना माहीत असतं. कोणत्या बाया, हे कमी पाहिलं जातं. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची सून मजूर बाईला मजुरीचा दर विचारायला गेली तर उत्तर काय येणार? जात, शेती आणि गावातली नाती पाहून घरं वाटा. जिथे कोलामी किंवा गोंडी बोलली जाते तिथे ती बोलणारी मुलगी हवीच.

सकाळी दहा ते पाच या वेळेत गावात गेलात तर मजुरीला न जाणाऱ्या बायाच भेटतील आणि तुमचा नमुना तिथेच वाकडा होईल. संध्याकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर जा, किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी. बऱ्याच गावांत त्या दिवशी मजुरी बंद असते. घर बंद मिळालं तर शेजारचं घर घेऊ नका. तीन वेळा परत जा.

सरपंचांची परवानगी ही गावात शिरण्याची परवानगी आहे. ती बाईची संमती होत नाही, आणि नवऱ्याचा होकारही होत नाही. तिला एकटीला विचारा आणि मधूनच थांबता येतं हे आधी सांगा.

मारहाणीबद्दल प्रश्न असतील तर नियम कडक आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला आणि पूर्ण एकांत असेल तरच विचारतात. तुम्हीही तेच करा. गावात अभ्यासाची ओळख ‘आरोग्य आणि काम’ अशी द्या. प्रश्न कशाचे आहेत हे त्या बाईला मात्र एकांतात, प्रश्न सुरू करण्याआधी स्पष्ट सांगा. कोणी दारात आलं तर लगेच वळता यावं म्हणून पाणी-सरपणाच्या प्रश्नांचं एक पान हाताशी ठेवा. महिला हेल्पलाइन १८१ आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा संपर्क तोंडी सांगा. कागद देऊ नका. तो घरात सापडला तर तिलाच त्रास होईल. हे सगळं जमणार नसेल तर हे प्रश्न विचारू नका.

## ७. चाचणी

शेजारच्या गावात पंधरा-वीस फॉर्म भरून पाहा. जिथे सगळ्यांचं उत्तर एकच येतं किंवा जिथे पाहणीदाराला प्रश्न समजावून सांगावा लागतो, ते प्रश्न बदला. मुलाखत ४५ मिनिटांवर जात असेल तर कापा.

## ८. रोज रात्रीची तपासणी

फोनवर फॉर्म भरायचं कोबो टूलबॉक्ससारखं ॲप नेटवर्क नसतानाही चालतं. तरी त्या रात्रीच फॉर्म उघडून पाहा:

- दिवसाची मिनिटं बरोबर १४४० होतात का? (सोबतचं काम यात मिळवायचं नाही.)
- ‘लागू नाही’, ‘सांगितलं नाही’ आणि ‘शून्य’ यांना वेगळे संकेत आहेत का?
- एखाद्या पाहणीदाराच्या सगळ्याच फॉर्ममध्ये सोबतचं काम रिकामं आहे का? असेल तर तिला तो प्रश्न विचारायला जमत नाहीये. उद्या सोबत जा.
- उत्तर देताना जवळ कोण होतं, हे लिहिलं आहे का?

हे शेवटचं विश्लेषणात फार उपयोगी पडतं. सासू जवळ असतानाची आणि नसतानाची उत्तरं वेगळी काढून पाहा.

## ९. विश्लेषण: कशाने भागता ते आधी लिहा

राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षण २०१९ चा गाजलेला आकडा असा: बिनमोबदला घरकामात बाया दिवसाला २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. म्हणजे सुमारे तिप्पट. पण ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. बायांपैकी ८१.२ टक्के आणि पुरुषांपैकी फक्त २६.१ टक्के लोकांनी ते केलं होतं. न करणाऱ्यांनाही धरून भागलं तर बायांची सुमारे २४३ मिनिटं आणि पुरुषांची सुमारे २५ होतात, म्हणजे जवळजवळ दहापट. सर्वेक्षण एकच आहे, बदलला तो फक्त भाजक. तुमच्या प्रत्येक तक्त्याखाली भाजक शब्दांत लिहा.

जमिनीतही तेच. समजा गावात २०० प्रौढ बाया आणि २०० पुरुष आहेत. खातेदार १००, त्यांत बाया २०. ‘खातेदारांत २० टक्के बाया’ हे खरं. ‘बायांपैकी १० टक्के खातेदार, पुरुषांपैकी ४० टक्के’ हेही खरं. त्या २० जणींत विधवा किती, हे काढल्याशिवाय लेख पूर्ण होत नाही, कारण नवरा गेल्यावर नाव लागणं आणि तो असताना लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी काही नेहमीच्या चुका:

स्त्री कुटुंबप्रमुख म्हणजे स्त्रिया असं धरणं. ‘स्त्रीप्रमुख’ आणि ‘पुरुषप्रमुख’ घरांची तुलना केली की तुम्ही बहुतांशी विधवा आणि एकल बायांच्या घरांची तुलना जोडप्यांच्या घरांशी करत असता. पुरुषप्रमुख घरातली बाई त्या तुलनेत कुठेच नसते.

जात ‘नियंत्रित’ करून टाकणं. जात एक चल (बदलणारा घटक) म्हणून सांख्यिकी समीकरणात घातली की बाई असण्याचा परिणाम सगळ्या जातींत सारखाच आहे असं तुम्ही गृहीत धरता. आधी साधा उभा-आडवा तक्ता काढा: दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, ओबीसी, खुल्या गटातल्या भूमिहीन आणि भूधारक बाया. फरक दिसला तर समीकरणात जात आणि लिंग यांचा गुणाकार घ्या. चौकटीत तीसपेक्षा कमी बाया असतील तर टक्केवारी न देता संख्या द्या.

फक्त सरासरी देणं. मजुरीत दोन-चार मोठे आकडे सरासरी वर ओढतात. मध्यक (सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या, आणि खालच्या पाव बायांना किती मिळतं तेही द्या.

खात्रीची मर्यादा न देणं. साध्या नमुन्यातल्या ९६ जणींत ४० टक्के आलं, तर खरा आकडा साधारण ३० ते ५० मध्ये आहे एवढंच म्हणता येतं. वजनं दिली असतील किंवा गावं निवडून नमुना घेतला असेल, तर ही मर्यादा आणखी रुंद होते. शेजारच्या गावात ४५ आलं म्हणून तिथली परिस्थिती बरी, असं लिहू नका.

‘सांगितलं नाही’ यासाठी ठेवलेला ९९ सारखा संकेतांक सरासरीत शिरणं. हास्यास्पद वाटेल, पण हे फार घडतं. विश्लेषणाआधी प्रत्येक रकान्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत पाहा.

## १०. छापण्याआधी गावात परत

तक्ते घेऊन त्याच बायांच्या गटांत बसा. टक्केवारीऐवजी ‘दहातल्या चौघी’ असं सांगा आणि विचारा: हे पटतं का, नसेल तर कुठे चुकलं? त्यांचं म्हणणं आकड्याच्या विरोधात गेलं तर आकडा लपवू नका आणि म्हणणंही गाळू नका. दोन्ही छापा आणि फरक का पडला असावा ते लिहा. ‘रोज आठ तास’ हा आकडा पाहून बाया म्हणाल्या की कापसाचं ओझं डोक्यावर वाहून आणल्याचं यात कुठे आहे, तर फॉर्ममध्ये तो वेळ जाण्या-येण्यात गेला का ते तपासा.

पाचपेक्षा कमी माणसांची चौकट गावाच्या नावासह छापू नका. ‘पोडातली जमीन असलेली विधवा: १’ असं लिहिलं की ती कोण हे अख्ख्या गावाला कळतं. नावांची यादी आणि उत्तरं वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या कुलूपशब्दाखाली ठेवा. पाहणीदारांच्या फोनमधले फॉर्म पुसले का ते स्वतः पाहा. मजुरीचा तक्ता ग्रामसभेत मांडायचा की नाही, हे मजूर बायांनाच ठरवू द्या. पुढच्या हंगामात त्याच शेतकऱ्याकडे कामाला त्यांनाच जायचं असतं.